मेणबत्ती वहिनीची, खुर्चीही वहिनीची

विद्यापीठाने आमच्या कारखान्याकडे खोकंभर चेन मागितल्या आणि त्या पाठवायचं काम माझ्यावर आलं. सोन्याच्या चेन नव्हेत. पँटीला, पिशवीला, जाकिटाला लावतात त्या, पितळी दातांच्या. आमचा कारखाना त्याच बनवतो. निरोप अगदी स्पष्ट होता: जशा निघतील तशा पाठवा, निवडू नका. आता मला सांगा, पाहुण्याच्या ताटात कुणी करपलेलं वाढतं का? मी गुणवत्ता विभागातला माणूस. गुणवत्ता विभाग म्हणजे एक टेबल, एक मोजपट्टी आणि मी. मी एकाहून एक देखण्या चेन निवडल्या, मऊ फडक्याने पुसल्या, आणि रनर, म्हणजे चेन लावताना आपण जो धरून ओढतो तो, अलगद सरकावा म्हणून एकेकीच्या दातांवरून मेणबत्ती घासली. जुनी घरगुती युक्ती आहे. मेणबत्तीही घरचीच होती. वहिनीच्या फडताळातली, न विचारता उचललेली.

पुढे विद्यापीठात काय झालं ते मला फार उशिरा कळलं. तिथल्या सरांना, म्हणजे धातूंचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांना, त्या दातांवर एक पातळ, पारदर्शक थर दिसला. चेनच्या दातांना असा थर कुणी देतं हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी आपल्या हाताखालच्या मुलीला कामाला लावलं. ती पीएचडी करत होती आणि दिवसभर भिंगाला डोळा लावून बसायची, म्हणून आमच्या घरात पुढे तिचं नाव 'भिंगवाली' पडलं. भिंगवालीने तो थर खरवडला, तापवला, जाळला, तोलला. सरांनी परगावी जाऊन त्यावर भाषणही ठोकलं. 'एका छोट्या कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं तंत्र', असं काहीसं. आणि मालकांनी ज्यासाठी विद्यापीठाचं दार ठोठावलं होतं तो प्रश्न, की आमच्या काही चेन वापरात आल्यावर लवकरच का अडकतात, तो तसाच बाजूला राहिला. राहणारच. अडकणारी एकही चेन मी पाठवली नव्हती.

एके दिवशी सर स्वतःच भिंगवालीला घेऊन कारखान्यात आले. मालकांच्या केबिनमध्ये बैठक बसली. सरांनी दाताचं मोठं करून छापलेलं चित्र टेबलावर पसरलं आणि अदबीने विचारलं, "हा थर द्यायचं तंत्र तुमच्याकडे कुठून आलं?"

मालकांना थराचा थांगपत्ता नव्हता. पण 'माहीत नाही' म्हणतील तर ते मालक कसले! त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "वडिलांच्या वेळचं आहे ते."

सरांनी आदराने मान हलवली. तेवढ्यात वहिनी खोकं घेऊन आत आली. वहिनी आमच्याच कारखान्यात खराब मालाच्या टेबलावर काम करायची. तो माल कसा दिसतो ते सरांना पाहायचं होतं, म्हणून तिला बोलावणं धाडलं होतं. तिने खोकं खाली ठेवलं, चित्रावर वाकली आणि म्हणाली, "मेण आहे हो ते."

"कसलं मेण?" सर म्हणाले.

"मेणबत्तीचं. आमच्या भाऊजींनी फासलंय. माझी मेणबत्ती गेली ती गेली, वर घरभर मेणाचा चुरा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. भिंगवालीने तोंडावर ओढणी घेतली. रडत होती की हसत होती ते मला त्या वेळी कळलं नाही. सरांचे कान लाल झाले. त्यांनी ते चित्र गुंडाळलं आणि माझ्याशी नाही, मालकांशी नाही, थेट वहिनीशी बोलले.

"आणखी काय काय लपवलंय आमच्यापासून?"

"लपवायचं काय त्यात? तुम्हाला कुणी दाखवलं नाही इतकंच," असं म्हणत वहिनीने ते खोकं मालकांच्या काचेच्या टेबलावर उपडं केलं. वाकड्या, लाटा आलेल्या, दात पडलेल्या, निम्म्यात अडकलेल्या चेनांचा ढीग झाला. मालकांचा चेहरा असा झाला, जणू व्याही घरात बसलेत आणि कुणीतरी त्यांच्यासमोर घरचं धुणं काढून बसलंय.

त्या ढिगाखाली माझी खुर्ची गाडली गेली. ती कशी, ते सांगतो; पण आधी ही वहिनी कोण, ते सांगायला हवं.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. दादा शहरबस चालवतो. तिचे वडील शिंपी. तिचं बालपण मशीनच्या पायडलजवळ बटणं आणि हुक निवडण्यात गेलं. वडिलांची नजर अधू झाली तशी सुईत दोरा ओवायला घरात कुणीतरी हवं झालं आणि तिची शाळा सुटली. दादाची आणि तिची पहिली भेट झाली तेव्हा दोन्हीकडची मंडळी हवापाण्यावर बोलत होती. ही मध्येच म्हणाली, "माझा पुढचा एक दात खोटा आहे. आत्ताच सांगते. नंतर कुणी सांगितलं नाही म्हणू नका." तिची आई मटकन खाली बसली. दादा म्हणतो, त्याच क्षणी त्याचं ठरलं. त्याचं सगळंच असं. पुढचा सिग्नल हिरवा दिसला की गडी निघाला.

तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. शेजारीण नवी साडी किती वेळा बदलून आली, मालकांचे काळे केस कोणत्या बाटलीतून येतात, माझी नोकरीची मुलाखत का फसली, सगळं ती पंख्याच्या वाऱ्यासारखं सगळ्यांना सारखं वाटते. गंमत अशी की त्याच माणसांना काही सलत असलं की ती तिच्याकडेच येतात. मी स्वतः गेलोय. जाऊ नये हे माहीत असूनही.

कारखान्यात तिचं काम म्हणजे नापास चेन हाताने मोडायची. पितळी दात एका डब्यात, सुती पट्टी दुसऱ्या डब्यात. आमच्याकडे त्या टेबलाला 'स्मशान' म्हणायचे. ज्याच्या मशीनवरचा माल तिथे जास्त यायचा तो माणूस तिकडून जाताना मान खाली घालायचा. काही जण तर खराब चेन खिशात घालून घरी न्यायचे, पण टेबलावर येऊ द्यायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि ती मूठ सगळ्यात घट्ट कुणाची? अर्थात गुणवत्ता विभागाची.

आता खुर्ची. विद्यापीठ आणि कारखाना मिळून एक खोली चालवणार होते. जागा, भिंगं, यंत्रं विद्यापीठाची, अडचणी आमच्या. त्या खोलीत एक खुर्ची कारखान्याच्या माणसासाठी राखून ठेवली होती. कारखान्याची अडचण तिकडे न्यायची आणि तिकडचं शहाणपण इकडे आणायचं, असं ते काम. मी गावातल्या शाळेत शिकलो, पुढे डिप्लोमा केला, आणि डिप्लोमा झालेला आमच्याकडे मी एकटाच. त्यामुळे ती खुर्ची कुणाची हे विचारायचीही गरज नव्हती. मी दोन नवे शर्ट शिवून घेतले होते. न्हाव्याला सांगितलं होतं, जरा प्राध्यापकी काप. जुन्या वर्गमित्रांना कळवून झालं होतं.

बैठक संपताना सर उठले आणि वहिनीकडे बोट दाखवून मालकांना म्हणाले, "खोलीसाठी यांना द्या."

"अहो, पण हिची शाळासुद्धा पुरती झालेली नाही," मालक म्हणाले.

"शिकलेली माणसं माझ्याकडे ढिगाने आहेत. न निवडता सांगणारं एकही नाही."

मी त्या दिवशी घरी चालत आलो. बसने आलो असतो तर दादा भेटला असता, आणि त्याला ही बातमी माझ्या तोंडून द्यावी लागली असती.

मग सुरू झाले वहिनीचे दिवस. तिला गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं. त्यावरचा फोटो चांगला आला होता. माझा आजवर एकही फोटो चांगला आलेला नाही. खुर्ची चाकांची होती आणि गोल फिरायची. टेबलाला ड्रॉवर होता आणि ड्रॉवरला किल्ली. ही किल्ली तिने मंगळसूत्राइतकी जपली. आमच्या घरात कुठल्याच कपाटाला चालणारं कुलूप नाही, आणि जिच्या पोटात काही राहत नाही तिला किल्लीचा ड्रॉवर! मी विचारलं, "त्यात ठेवतेस काय?"

"डबा," ती म्हणाली. "आणि कधीकधी काहीच नाही. पण कुलूप लावते."

दादाच्या बसचा रस्ता विद्यापीठावरूनच जायचा. फाटकापाशी ती उतरली की तो हॉर्न वाजवायचा. एकदा मीही त्या बसमध्ये होतो. सगळी बस खिडकीतून बघत होती आणि एक म्हातारा मला म्हणाला, "ड्रायव्हरची बायको विद्यापीठात आहे म्हणे." मी म्हटलं, "असेल बुवा." दातांत खडा आल्यासारखं झालं.

खरं सांगायचं तर मी तिच्या चुकांवर जगत होतो, आणि तिने मला उपाशी ठेवलं नाही. चेन का अडकते यावर तिचं पहिलं मत होतं की रनर पुरवणारा व्यापारी फसवतो. भिंगवालीने रनर तपासले, निर्दोष. मग वहिनी म्हणाली, तेल खराब आहे. तेलही चांगलं निघालं. मग तिने मशीनवरच्या एका पोरीवर संशय घेतला आणि ती पोरगी तिच्याशी बोलेनाशी झाली. तीही निर्दोष. प्रत्येक वेळी मी एक घास जास्त जेवलो. पण माझ्या आनंदावर विरजण पडायचं ते असं, की ती दुसऱ्या दिवशी कारखान्यात मधोमध उभी राहून मोठ्याने सांगायची, "माझं चुकलं गं! तेल चांगलं आहे! तेलवाल्याला शिव्या देऊ नका!" त्या पोरीपाशी जाऊन तिने आपले कान धरले. भिंगवालीचंही तेच व्हायला लागलं. तिचा आधी पितळेच्या मिश्रणावर संशय होता, तो खोटा ठरल्यावर ती स्वतः कारखान्यात आली आणि वहिनीच्या शेजारी उभं राहून म्हणाली, "माझंही चुकलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चुकल्याबद्दल टाळ्या! आमच्या शाळेत छडी होती.

आणि हळूहळू खिशातल्या खराब चेन टेबलावर यायला लागल्या. स्मशान म्हणायचं सुटलं. वहिनी त्यांना 'नमुने' म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले. "वहिनी, आज एक झकास नमुना आलाय, बघा कसा वाकलाय!" आपला बिघाड असा मिरवणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. वहिनी ते पिशवी भरून विद्यापीठात न्यायची, आणि परत येताना भिंगवालीचे प्रश्न घेऊन यायची. हा दात कुठल्या मशीनचा? ही पट्टी कुठल्या रिळाची? रीळ कुणी चढवलं?

माझी एकच आशा उरली होती, तिची जीभ. खोलीतलं बाहेर कुठेही बोलायचं नाही, अशी तिच्याकडून सही घेतली होती. शहरात एक बटणांचा कारखाना होता. त्याचा डोळा त्या खोलीवर होता, आणि त्यांची माणसं रोज दादाच्याच बसने यायची. मी मनात म्हटलं, आता बघू. तर वहिनीने पहिल्याच दिवशी बसमध्ये जाहीर केलं, "मला खोलीतलं काही विचारू नका हं. विचारलंत तर मी सांगून टाकेन, आणि माझी नोकरी जाईल." बिचाऱ्यांनी कधी तोंड उघडलं नाही. उलट त्यातला एक तिच्यासाठी जागा धरून ठेवायला लागला.

वर्ष सरत आलं. सरांनी निरोप दिला की पुढच्या बैठकीत उत्तर मिळालं नाही तर खोली बटणवाल्यांना द्यावी लागेल, विद्यापीठाचा तसा नियम आहे. त्या सुमारास एका संध्याकाळी जेवताना वहिनीने ताटाशेजारी एक भिंग ठेवलं. भिंगवालीने उसनं दिलेलं. "बघा तरी," म्हणून तिने एक अडकलेली चेन माझ्यापुढे धरली.

भिंगातून पट्टी दिसली. दातांमध्ये तिच्या बारीक चुण्या पडल्या होत्या.

"भिंगवाली म्हणते, दात बसवताना ही पट्टी दमट होती," वहिनी सांगत होती. "दमट पट्टी मशीनवर ताणली जाते, त्यावर दात बसतात, मग ती वाळते आणि आखडते. दात एकमेकांच्या अंगावर येतात. मग रनर अडकणार नाही तर काय! पण आपल्याकडे पाणी आहेच कुठे? पिण्याचा माठ, तोही बाहेर."

"गळत असेल छत," दादा म्हणाला.

"छत मी स्वतः चढून बघितलं. कोरडं ठणठणीत."

माझा घास हातातच राहिला. कारण मला माहीत होतं. पट्टीची रिळं ठेवायचा मोठा रॅक कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून आहे. त्या भिंतीपलीकडे धुलाईवाल्याचं दुकान. तो ज्या दिवशी हॉटेलांच्या चादरी उकळतो त्या दिवशी आमची भिंत ऊबदार होते आणि किंचित पाझरते. हे कारखान्यात फक्त मला माहीत होतं, कारण दुपारी डबा खाऊन झाला की मी रॅकच्या आडोशाला त्याच भिंतीला पाठ टेकून डुलकी काढतो. शर्टाची पाठ ओलसर व्हायची. मला वाटायचं घाम.

मी काही बोललो नाही. का बोलू? मी आत्ता सांगितलं तर उद्या ती ते चाकांच्या खुर्चीत बसून सांगणार. आणि बैठकीत मी स्वतः उठून सांगितलं तर? मालक, सर, भिंगवाली, सगळे माना वळवून माझ्याकडे बघतील. सर म्हणतील, अरे, हा इतके दिवस कुठे होता! खुर्ची चालत माझ्याकडे येईल. आणि अगदी नाहीच सांगितलं तरी माझं काय जातंय? खोली बटणवाल्यांना. मला नाही तर कुणालाच नाही. हा शेवटचा विचार मला सगळ्यात गोड वाटला, हेही सांगून टाकतो.

"तू आज गप्प का रे?" दादाने विचारलं. "पोट बिघडलंय का?"

"थकलोय."

वहिनीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. दादा हात धुवायला उठल्यावर ती ताटं गोळा करता करता म्हणाली, "भाऊजी, मी सगळ्यांना सांगते ना, की खुर्ची गेली तर गेली, मी आपली माझ्या टेबलावर परत येईन?"

"हो."

"खोटं बोलते."

एवढं बोलून ती ताटं घेऊन आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही येऊन मला सांगितलं! मला ते सांगायची काय गरज होती? त्या संध्याकाळी मला तिचा जितका हेवा वाटला तितका ओळखपत्र बघूनही वाटला नव्हता. पण मी तरीही गप्पच राहिलो. मत्सराला लाज नसते.

बैठक विद्यापीठातल्या त्या खोलीतच होती. मी नव्या शर्टांपैकी एक घातला. खोली लहानशीच निघाली. दोन टेबलं, भिंगं, खिडकीत कुणीतरी विसरलेलं कुंडीतलं झाड, आणि ती खुर्ची. वहिनी तिच्यात बसली नव्हती. तिने ती मालकांना दिली होती आणि स्वतः स्टुलावर. मालकांना चाकांची सवय नव्हती. ते सारखे मागे सरकत होते.

भिंगवालीने चुण्यांचं सगळं समजावून सांगितलं. सर म्हणाले, "म्हणजे दमटपणा हे कारण नक्की. पण तो येतो कुठून हे कळत नाही तोवर माझं काम अर्धं." मालक म्हणाले, "आमच्या कारखान्यात ओल? अशक्य. वडिलांच्या वेळेपासून कोरडा आहे." मग कुणीच काही बोलेना. मी ज्याची वाट बघत होतो ती हीच शांतता. मी घसा साफ केला. कॉलर नीट केली. उठणार, तोच—

"भाऊजींना माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"काय माहीत आहे?" सर म्हणाले.

"ते मला नाही माहीत. पण परवा जेवताना भिंगातून बघितलं आणि तेव्हापासून गप्प आहेत. हा माणूस कशावरही बोलतो हो. ज्यातलं कळत नाही त्यावर तर जास्तच. गप्प बसलाय म्हणजे नक्की काहीतरी माहीत आहे. सांगा भाऊजी, तुम्हीच सांगा. तुमचं आहे ते."

झालं! वर्षभर स्वप्नात पाहिलेला माझा क्षण तिने माझ्या हातात असा दिला, जसा शाळेतल्या पोराला बाई गोष्ट सांगायला पुढे ढकलतात.

"भिंत," मी म्हटलं. "मागची. धुलाईवाल्याची वाफ येते. रिळं तिथेच असतात."

"तुला कसं कळलं?" मालकांनी विचारलं.

"मी… पाठ टेकतो तिथे."

"कधी?"

"दुपारी."

"पाठ टेकून काय करतोस?"

ह्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरजच पडली नाही. भिंगवालीने पुन्हा तोंडावर ओढणी घेतली. या वेळी मला कळलं की ती हसतेय. मागच्या वेळीही हसतच असणार.

त्याच दिवशी सगळे कारखान्यात आले. रॅक हलवला, आणि सर, मालक, भिंगवाली, वहिनी, सगळ्यांनी त्या भिंतीवर तळवे ठेवले. एखाद्या गाईच्या पोटावर हात ठेवून वासरू हलतंय का बघावं तसे. पलीकडून धुलाईवाला ओरडला, "कोण ठोकतंय रे?" सर भिंतीला तोंड लावून म्हणाले, "आज चादरी उकळताय का?" पलीकडून आवाज आला, "तुमच्या आहेत का? उद्या या!" आणि रॅकमागच्या जमिनीवर, सगळ्यांच्या देखत, माझी उशी म्हणून घडी केलेली पोत्याची गुंडाळी पडली होती.

रॅक समोरच्या भिंतीला गेला. अडकणाऱ्या चेन कमी झाल्या, मग जवळजवळ थांबल्या. खोली बटणवाल्यांना गेली नाही. आणि मालकांनी मला बोलावून सांगितलं, "उत्तर तुझं होतं. खुर्चीवर कुणी बसायचं ते तुम्ही घरात ठरवा."

संध्याकाळी वहिनीने ओळखपत्र, ते भिंग आणि ड्रॉवरची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "जा तुम्ही. हक्क तुमचा आहे." किल्ली ठेवताना तिने ती उगाचच जरा सरळ केली.

मी 'नाही, नाही' म्हणायला हवं होतं. दादाची तीच अपेक्षा होती. त्याचा चेहराच सांगत होता. मी किल्ली उचलली.

दुसऱ्या दिवशी मी त्या खुर्चीत बसलो. दोनदा गोल फिरलो. ड्रॉवर उघडून त्यात डबा ठेवला, कुलूप लावलं. भिंगवाली आली आणि सवयीने म्हणाली, "बोला, आज काय बिघडलं?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काही नाही. सगळं उत्तम."

ती थांबली. "एकही नमुना नाही?"

पिशवीत होते. कारखान्यातल्या बायकांनी निघताना माझ्या हातात भरून दिले होते. एका मशीनचा दाब सकाळपासून कमी-जास्त होत होता, तेही मला ठाऊक होतं. पण परक्या घरात बसून आपल्या घरातलं वाकडं काढायचं म्हणजे माझी जीभ टाळूला चिकटते. मी पिशवीतून एक चेन काढली. हात घालताना त्यातल्या त्यात बरी दिसणारी शोधली, हे तिनेही पाहिलं. नंतर सर दारातून डोकावले, त्यांनी आधी खुर्चीकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "त्या आज आल्या नाहीत?" मग शिपायाने विचारलं. मग खिडकीतल्या झाडाला पाणी घालणाऱ्या बाईंनी विचारलं. परतताना बसमध्ये बटणवाल्यांच्या माणसाने जागा धरून ठेवली होती. मला पाहून त्याने तिथे आपली पिशवी ठेवली.

घरी येऊन मी किल्ली वहिनीच्या ओट्यावर ठेवली. "त्या खुर्चीचं चाक कुरकुरतं," मी म्हटलं. "मला नाही जमणार."

"मग तिथे सांगायचं ना त्यांना, चाक कुरकुरतंय म्हणून," ती म्हणाली.

"तेच तर जमत नाही."

तिने किल्ली पदराला पुसली आणि काही न बोलता गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. तिचं काही न बोलणं मी तेवढं एकदाच ऐकलं. सकाळी फाटकाशी दादाने जरा जास्तच लांब हॉर्न वाजवला म्हणे.

आता मी अधूनमधून त्या खोलीत जातो, पाहुणा म्हणून. बसायला स्टूल मिळतं. मागे टेकायला भिंतही नाही. माझ्या गुणवत्ता विभागाच्या टेबलावर मालकांनी लिहवून घेतलंय, 'निवडू नका'. आणि ज्या भिंतीपासून रॅक हलवला तिथे थंडीत सगळा कारखाना पाठ लावून बसतो. मला जागा मिळत नाही.

मध्यंतरी सरांचा लेख छापून आला. त्यात मेणाचंही प्रकरण आहे. म्हणजे माझ्या घोळातून निघालेलं. मेणाचा थर खरोखरच उपयोगी ठरतो म्हणे, आणि आता तो नीट शास्त्राने कसा द्यायचा याचे प्रयोग त्या खोलीत चालू आहेत. लेखावर नावं तीन: सरांचं, भिंगवालीचं, वहिनीचं. मी शेवटपर्यंत उलटून पाहिला. तळाशी आभारात 'गुणवत्ता विभागातील एक सहकारी' सापडला.

"मेण मी फासलं होतं," मी वहिनीला म्हटलं. "तुझं नाव कसं काय?"

"मेणबत्ती माझी होती ना," ती म्हणाली. दादा इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

काल संध्याकाळी वीज गेली. दादा अंधारात चपला शोधत होता. वहिनीने फडताळ उघडल्याचा आवाज आला, भांडी सरकवल्याचा आवाज आला, आणि मग तिची हाक:

"भाऊजी, माझी मेणबत्ती अजून दिली नाहीत तुम्ही."

मेणबत्त्या माझ्याकडे आहेत. पुडकं आणून बरेच दिवस झाले, कारखान्यातल्या माझ्या टेबलाच्या खणात पडलंय. पण या घरात तिला माझ्याकडे मागण्यासारखं आता तेवढं एकच उरलंय.

"उद्या आणतो," मी म्हटलं.